अकरा घरची कुंची

मला अक्षरं शिकवली ती पत्रकांनी. गावात शाळा होती, पण ती मुलांची, आणि तिथे उर्दूच चाले. मराठी शिकायची तर घरातच. नाना, म्हणजे माझे वडील, उमापूरच्या बाजारातून परतले की गाडीतल्या कडब्याखालून एखादा बारीक घडी घातलेला कागद निघे. आमच्या संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे, इंग्रजी मुलखात छापलेला. नाना ओसरीवर बसून तो आधी मनाशी आणि मग मोठ्याने वाचत, आणि त्यांच्या बोटामागून माझे डोळे फिरत. इतर मुलं कमळ आणि बदक ओळखू लागतात त्या वयात मला 'जागे व्हा' आणि 'धिक्कार असो' हे शब्द नुसत्या आकारावरून ओळखता येत होते. त्याचा परिणाम जिभेवर झाला. आमटीत मीठ कमी पडलं तरी मी ताटावरून उठून विचारायची, "हा अन्याय आपण किती दिवस सहन करायचा?" आई चुलीकडचं तोंड न वळवता म्हणायची, "आलं बघा छापून," आणि मिठाचं भांडं माझ्याकडे सरकवायची.

मला तेव्हा चौदावं लागलं होतं. नानांनी माझं लग्न लांबवलं होतं, त्यावरून गाव बोलत असे, आणि गाव बोलतं याचाही मला अभिमान होता. मोठी होऊन पत्रकं लिहायची हे माझं ठरलेलं. आईचं म्हणणं एवढंच, की लिही बाई, पण हाताला काही वळण लागू दे. म्हणून दुपारची भाकरी झाली की ती मला समोरच्या शिंप्याच्या घरी, द्वारकाकाकूंच्या ओट्यावर धाडायची. मी पाय आपटत जायची. चिंध्या जोडत बसणं म्हणजे स्त्रीजातीला अडकवून ठेवण्याची युक्ती आहे, असं मी कुठेतरी वाचलं होतं, किंवा वाचल्यासारखं मला वाटत होतं.

तो ओटा आज डोळ्यांसमोर आला की मी त्याला हात जोडते. आत काका मशीन चालवत, त्याची टकटक, मध्येच कात्रीची कचकच, आणि बाहेर ओट्यावर काकू आणि त्यांच्याभोवती चार-पाच बायका. त्या राज्यात चार माणसं एकत्र बसून बोलायची म्हणजे परवानगी लागायची. पण चार बायका मांडीवर चिंध्या घेऊन बसल्या तर त्यांना कोणी विचारत नसे. मी तिथे बायकांना पत्रकं मोठ्याने वाचून दाखवायची, पण हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

काकूंचा पहिला धडा असा, की कापड कापायचं नाही, फाडायचं. कडेला दातांनी छोटी चीर पाडायची आणि दोन्ही हातांनी ओढायचं. जुनं धोतर टर्र आवाज करत फाटत जाई आणि कड आखल्यासारखी सरळ निघे. "कात्री हाताचं ऐकती," काकू म्हणायच्या, "फाडलेलं कापड सोताच्या दोऱ्यानं जातं. नवशिक्यानं त्याच्या मागं जावं." मग दुमडीवर गेरूच्या पाण्यात भिजवलेली सुतळी ताणून रेघ उठवायची आणि त्या रेघेवर धावदोरा घालायचा, सुई खाली, सुई वर, तांदळाच्या दाण्याएवढा टाका. माझे टाके जवारीच्या धाटासारखे लांब-आखूड पडायचे. म्हणून पहिली वस्तू मिळाली ती चुंबळ, डोक्यावर घागर ठेवायच्या आधी ठेवतात ती. चिंध्यांचा पीळ, वर एक लांब पट्टी गुंडाळलेली आणि आडवेतिडवे टाके. "डोकं टाके बघत न्हाई, वजन बघतं. शिव बिनधास," काकू म्हणाल्या. आईने ती चुंबळ दुसऱ्याच दिवशी आडावर नेली आणि परत येऊन, मान न हलवता, "चालती," म्हणाली. हा मला मिळालेला पहिला अभिप्राय.

चुंबळीनंतर बियाण्याची पिशवी. एक लांब तुकडा मधोमध दुमडून दोन बाजू शिवायच्या, तोंडाला दुमड घालून नाडी ओवायची. त्यानंतर नानांच्या पानतंबाखूची तीन खणांची चंची. खणांचं माप घ्यायला काकूंनी कागद मागितला. माझ्याजवळ कागद म्हणजे पत्रकच. मी शेतसाऱ्यावरचं एक दिलं. काकूंनी ते शांतपणे तीन ठिकाणी कापलं आणि 'धिक्कार' हा शब्द एका खणात आणि 'असो' दुसऱ्या खणात गेला. मी रडवेली होऊन घरी आले. नाना मात्र इतके हसले की त्यांना ठसका लागला. "चला," म्हणाले, "ह्या कागदापासून कुणाला तरी काहीतरी मिळालं." ती चंची त्यांनी शेवटपर्यंत वापरली.

आता माझ्या डोळ्यांना सुईचं भोक दिसत नाही. शेजारची एक मुलगी येऊन दोरा ओवून देते आणि विचारते, आजी, विकत मिळतं की सगळं, कशाला शिवता? तिला सांगायची म्हणूनच ही वहिनीची गोष्ट मी लिहायला घेतली.

वहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, शिरूर कासारकडची. बुटकी, गव्हाळ, हळू बोलणारी. हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं करावं तर तिनेच, आणि येसराचा मसाला भाजायला घेतला की गल्लीत वळणारा माणूस विचारत यायचा. तिची दोन मुलं गेली होती. पहिलं नऊ दिवसांचं, दुसरं तिसऱ्या महिन्यात. तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा ती कोणाशी त्याबद्दल बोलेना. हातात काम असलं तरी तिचं मन दुसरीकडे ऐकत असायचं, जणू आतून काही हाक येते का ते बघत असावी. सातवा लागला तेव्हा आईने मला बोलावलं. आमच्याकडे रीत होती, की ज्या घरात मुलं टिकत नाहीत तिथे येणाऱ्या बाळाचं पहिलं वस्त्र घरच्या कापडाचं करायचं नाही. घरच्या कुमारिकेने दिवसाउजेडी अकरा घरी जाऊन ओचा पसरायचा, चिंध्या मागायच्या आणि त्या जोडून कुंची शिवायची. कुंची म्हणजे बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सोडायची टोपीसारखी झूल. एक लांबट चौकोन, वरून दुमडून मागे एकच शिवण. अगदी नवशिक्यालाही जमावी अशी.

मी ओसरीवर उभी राहून भाषण केलं. ते मला जवळजवळ शब्दशः आठवतं आणि आठवलं की कान तापतात. अंधश्रद्धा, अज्ञान, मरण चिंध्यांना भीत नाही, नानांची मुलगी दारोदार भीक मागणार नाही, सगळं त्यात होतं. वहिनी शेंगा फोडत होती. तिने वर पाहिलं नाही. मी बोलून थांबले तेव्हा फक्त शेंगांचा आवाज येत होता, आणि तो तसाच चालू राहिला.

त्या आवाजानेच मला दोन दिवस बेचैन केलं. नकार मागे घ्यायचा नाही आणि वहिनीलाही दुखवायचं नाही, म्हणून मी एक वाट काढली. काकूंच्या दारामागे नव्या कापडाच्या कात्रणांचं गाठोडं असायचं. त्यातून मी अकरा रंगांचे तुकडे निवडले, चीट, मांजरपाट, खणाची एक कड, हिरवं रेशीमकाठी एक. मन लावून कुंची शिवली. टाके तोवर बरे पडू लागले होते. आणि वहिनीच्या मांडीवर ठेवून म्हणाले, "घे. अकरा घरची आणली." बुद्धिवादाची सेवा म्हणून मी खोटं बोलले. तिला समाधान, मला तत्त्व, कोणाचं काय गेलं, असा माझा हिशेब.

वहिनीचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता. तिने कुंची पसरली आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारू लागली. "ह्यो कुनाचा?" पाटलांचा. "ह्यो?" तांबोळ्यांच्या अमीनाबीचा. मी घरं मोजत गेले. "आन् हे हिरवं?"

"कुलकर्णीकाकूंचं."

तिचं बोट तिथेच थांबलं. "काकूंनी हिरवं नेसून चार वर्सं झाली, गोदे," ती म्हणाली.

कुलकर्णीकाकू विधवा होत्या. रोज आमच्या दारावरून तांबड्या आलवणात देवळाकडे जायच्या. विधवांच्या दुःखावरचं एक लांबलचक पत्रक माझ्या पेटीत होतं, त्यातले उतारे मला पाठ होते, आणि दारावरून जाणारी विधवा कुठल्या रंगाचं नेसते ते मी कधी पाहिलं नव्हतं. वहिनीने तो तुकडा दोन बोटांत चोळला. मग बाकीचे चोळले. "हे कुनाच्याच अंगावरचं न्हाई. खळ हाय अजून ह्याच्यात." तिने कुंचीची नीट घडी केली आणि माझ्या हातात परत दिली. रागावली नाही. "तुला पटत न्हाई तर न्हाई म्हनायचं. म्हनलीच व्हतीस की. म्या ऐकलं व्हतं. मग खोटं कावून बोललीस?"

 मी गोठ्यात नानांकडे गेले. ते दावं वळत होते. सगळं सांगून टाकलं आणि वाट पाहिली, की ते माझी बाजू घेतील. त्यांनी दाव्याचा पीळ सोडला नाही. "कागदात लिवलंय ते खरं हाय," म्हणाले. "मागून आणलेल्या चिंधीनं मरण थांबत न्हाई. पण जिच्यासाठी लिहायचं तिलाच फसवावं, असं कुठल्या कागदात हाय? हाय तर आण. मी वाचतो." आणि पुन्हा वळायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी खाऊन मी परकराचा ओचा धरून बाहेर पडले. हजारांच्या सभेपुढे बोलण्याची मनात तयारी केलेली मी, पाटलांच्या दारात ओचा चाचपत उभी राहिले. पाटलीणबाई ओसरीवरूनच हसल्या. "काय गं, भाषन करायला आलीस का मागायला?"

"मागायला," मी म्हणाले. "वहिनीच्या लेकरासाठी चिंधी द्या."

त्यांचं हसू गेलं. त्यांनी मला बसवलं, एका जुन्या लुगड्याचा तुकडा फाडला आणि विचारलं, "पाय सुजत्यात का तिचे? जेवन जातं का?" मला माहीत नव्हतं. मी त्याच घरात राहत होते, तिच्या हातचं खात होते, आणि मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दारात तेच विचारलं, तिसऱ्यातही. चौथ्या घराआधी मी पळत परत आले, वहिनीला विचारलं, "तुझे पाय सुजतात का? भूक लागते का? रात्री झोप लागते का?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने एकेक सांगितलं, आणि मी ते पुढच्या दारांत सांगत गेले. अमीनाबींनी त्यांच्या धाकट्याच्या कुडत्याची बाही काढून दिली. "ले बेटी, ये नरम है, धो-धोके मलई हुआ," म्हणाल्या, आणि पायांच्या सुजेसाठी कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवायला सांगितलं.

कुलकर्णीकाकूंच्या दारात मी हिरव्या तुकड्याची गोष्ट सांगून टाकली. मला वाटलं त्या हाकलून देतील. त्या ऐकत होत्या आणि त्यांच्या तोंडावर एक वेगळंच हसू आलं. "माझं चालत नाही गं बाळाला," म्हणाल्या. मी म्हणाले, वहिनीने तुमचं नाव ऐकून नको म्हटलं नाही, तुमचा रंग तेवढा ओळखला. काकू उठून आत गेल्या. पेटीच्या तळातून त्यांनी हिरवंगार लुगडं काढलं, वाळ्याचा वास होता त्याला. थोडा वेळ नुसतं मांडीवर धरलं. मग दातांनी चीर पाडली. "जा," म्हणाल्या, "आता खरं झालं तुझं बोलणं."

दहा घरं झाली. अकरावं घर कुठलंही चाललं असतं, समोरचं द्वारकाकाकूंचंही. पण कुलकर्णीकाकूंच्या घरून निघताना मला माझी पेटी आठवली आणि तिच्यातली बाकीची पत्रकंही. समतेवरची तर सर्वांत जास्त होती. मी वेशीबाहेर, महारवाड्यात गेले. सोनाबाई दारात सूप पाखडत होती. आमच्या शेतात खुरपायला यायची, तेवढीच ओळख. मी ओचा पसरला तशी ती उठून मागे सरकली. "वाट चुकलीस का, माय?"

"न्हाई. चिंधी मागायला आलेय. वहिनीच्या लेकरासाठी."

ती मला खालपासून वरपर्यंत बघत राहिली. "तू कागद वाचून दाखवतीस म्हनं बायांना, द्वारकाच्या ओट्यावर. आमची नावं असत्यात म्हनं त्यात. इकडं कवा आली न्हाईस ती?"

त्या वाक्याला मी आयुष्यभर उत्तर देत आले आहे. माझं जे काही लिहिणं बरं म्हटलं गेलं ते त्या उत्तराचाच भाग होता. त्या वेळी मी एवढंच म्हणाले, "चुकलं." सोनाबाईने नेसूच्या लुगड्याच्या काठाजवळचा निळा तुकडा फाडला आणि सवयीने वरून टाकायला हात उचलला. मी ओचा एका हातात गोळा करून दुसरा हात पुढे केला. तिने क्षणभर पाहिलं आणि तो माझ्या तळहातावर ठेवला.

घरी आईने तुकडे मोजले, घरं विचारली, आणि अकराव्याला तिचा आवाज चढला. "ह्यो तुकडा घरात यायचा न्हाई. आक्रीतच करतीस तू." माझ्या तोंडाशी भाषण आलं होतं. पण बोलली ती वहिनी, भिंतीला टेकून, हळू. "अकरा घरं तुमीच म्हनला व्हता, आत्याबाई. कुठली अकरा ते न्हाई म्हनला. माझ्या लेकराला सोवळं नको, आयुष्य पायजे."  आईने चुलीत काटक्या घातल्या आणि पाठ फिरवून बसली. तिने होय म्हटलं नाही, आणि तुकडा बाहेरही फेकला नाही.

आम्ही सगळे तुकडे रिठ्याच्या पाण्यात धुतले, उन्हात वाळवले आणि दोघींनी मिळून जोडले. जुनं कापड हाताला इतकं मऊ लागत होतं की सुई आपोआप आत जात होती. मला कळलं, की नऊ महिने पाण्यात वाढलेल्या कातडीला खळीचं नवं कापड टोचतं. रीत घालणाऱ्या कोणा बाईला ते कळलं असणार, आणि तिने ते तिच्या पद्धतीने सांगून ठेवलं असणार. "निळा कुठं लावू?" मी विचारलं. वहिनी म्हणाली, "डोईवर."

मुलगी झाली. बारशाला अकरा घरच्या बायका आल्या, सोनाबाई अंगणाच्या कडेला निंबाखाली उभी. प्रत्येकीला आपला तुकडा बघायचा होता. "आमचा कुठाय गं?" "अगं, माझा कानावर आलाय!" आणि त्या दिवसानंतर त्या येतच राहिल्या. तिसऱ्या महिन्यात पोरीला ताप भरला तेव्हा अमीनाबी सकाळीच हजर होत्या, पाटलीणबाईंनी वैद्याला आणायला गाडी जुंपून दिली, कुलकर्णीकाकू काढा घेऊन आल्या. वहिनीच्या आधीच्या दोन वेळी यातलं कोणी आलं नव्हतं, कारण कोणी त्यांच्याकडे काही मागायला गेलं नव्हतं. चिंध्यांनी मरण थांबवलं असं मी म्हणणार नाही, आजही नाही. तो ताप उतरला, एवढं खरं.

माझी ती भाची पुढे नातवंडांची आजी झाली. कुंची तिच्यानंतर गल्लीतल्या चार पोरांनी वापरली, मग विरली, आणि शेवटी द्वारकाकाकूंनी तिची चुंबळ केली. ठेवून द्यायला हवी होती असं आता वाटतं, पण तेव्हा वापरायचं सोडून ठेवायची पद्धत नव्हती.

एक दिवस मात्र सांगायचा राहिला. भाची दुडूदुडू चालत होती, म्हणजे सव्वा-दीड वर्षाची असेल. दुपारी आम्ही ओसरीवर होतो. अंगणाच्या कडेला निंबाखाली सोनाबाई येऊन उभी राहिली. तिच्यामागे तिची लेक, पंधरा वर्षांची, तिने दोन्ही हातांनी ओचा धरलेला. सोनाबाईच्या सुनेची दोन मुलं गेली होती, हे गावाला माहीत होतं. पोरगी खाली बघत म्हणाली, "वयनीच्या लेकरासाठी चिंधी द्या."

आमच्या दारात त्या बाजूने अशी मागणी कधीच आली नव्हती. मला बोलायचं होतं. वहिनीने माझा हात दाबून धरला. आई चुलीजवळून उठली, दारापर्यंत आली, त्या दोघींकडे पाहिलं, आणि वळून आत गेली. सोनाबाईने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला, चल म्हणावं तसा. तेवढ्यात आतून ट्रंकेची कडी वाजली, आणि मग कापड फाटण्याचा आवाज आला, लांब, सरळ.

आई अंगण ओलांडून निंबापर्यंत गेली. तुकडा तिने वरून टाकला नाही. पोरीच्या हातात दिला आणि वर आपल्या अंगठ्याने चोळून दाखवला.

"नरम हाय बघ," ती म्हणाली. "लई नेसलंय म्या हे."